पोच

गिटारच्या ॲम्पमध्ये चॅनेल असतात आणि मिडीतही चॅनेल असतात. शब्द एकच, पण या दोन चॅनेलांचं एकमेकांशी काही नातं नाही. ॲम्पमधलं चॅनेल म्हणजे आवाजाची एक जात : एक स्वच्छ, एक जरा खरखरीत, एक पार फाटलेला. मिडीतलं चॅनेल म्हणजे घराचा नंबर. एका तारेवर सोळा घरं असतात आणि बहुतेक निरोपांवर तो कुठल्या घराचा आहे ते लिहिलेलं असतं. 'शिक्षा' म्हटलं की मराठी आणि कन्नड माणसाला छडी दिसते, हिंदी माणसाला शाळा दिसते. तसाच हा प्रकार. मी बंगळुरूत ॲम्प दुरुस्त करतो. 'चॅनेल बदलत नाही' किंवा 'चॅनेल आपोआप बदलतं' अशी तक्रार घेऊन माणसं येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, कुठलं चॅनेल?

मी मूळचा मिरजेचा. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथली माणसं तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर कानस फिरवत, तार छेडत, ऐकत, पुन्हा कानस फिरवत. तो हात मला आला नाही, पण आधी ऐकायचं आणि मग हत्यार उचलायचं ही खोड तिथली. पुढे आयटीआय करून मी बंगळुरूला टेलिफोन एक्स्चेंज तयार करणाऱ्या कारखान्यात लागलो. तेवीस वर्षं रिलेंच्या रॅकांमध्ये गेली. रिले म्हणजे विजेनं हलणारा खटका. हजार रिले एकदम चालू असले की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाजतं, आणि त्यात एखादा रिले उशिरा पडला तर सवयीच्या कानाला तेवढाच वेगळा ऐकू येतो. एक्स्चेंजमधून रिले गेले, आम्हीही स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलो. रिले मला पुन्हा भेटले ते गिटारच्या ॲम्पमध्ये.

हा ॲम्प एका नागालँडच्या मुलाचा होता. मुलगा म्हणजे तिशीचा, दिमापूरचा, बंगळुरूत आठ वर्षं राहिलेला. हॉटेलं, लग्नं, कॉलेजांचे कार्यक्रम अशा ठिकाणी पाच जणांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्याची हिंदी तोडकीमोडकी, माझी इंग्रजी कारखान्यातली. आम्ही दोन्ही मिसळून बोलायचो आणि अडलं की आकडे लिहून दाखवायचो. व्हॉल्व्हचा ॲम्प, चार चॅनेलांचा, जुना बाजारातून घेतलेला. वजन वीस किलोच्या वर. तो एकट्यानं जिना चढवून आणला आणि दम खात म्हणाला, "अंकल, हा ॲम्प खराब आहे असं निघालं तर बरं होईल."

दुरुस्तीच्या धंद्यात अशी प्रार्थना सहसा ऐकू येत नाही. मी चहा ठेवला.

गोष्ट अशी होती. दीड महिन्यात चार वेळा, ऐन गाण्यात, ॲम्प स्वच्छ चॅनेलवरून फाटक्या चॅनेलवर गेला होता. एकदा तर लग्नाच्या स्वागत समारंभात, नवरा-नवरीचा नाच चालू असताना. हळुवार गाण्यात अचानक करवत चालल्यासारखा आवाज झाला. कार्यक्रम घेणाऱ्यानं पैसे कापले, ते पाचही जणांचे कापले गेले. बँडचं म्हणणं एकच होतं : तुझा पाय चुकतो. कोणी म्हणालं झोप पुरी होत नाही, कोणी म्हणालं पिऊन येतोस. तो पीत नव्हता. पण सगळ्यांनी त्याचा पाय पाहिला होता. आवाज फाटला त्याच क्षणी त्याचा पाय पेडलवर होता, हे खरंच होतं. तो खटका त्यानं आवाज परत आणायला दाबला होता. पण बघणाऱ्याला आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे कसं कळणार? गोंगाट ऐकू येतो, नजर वळते, आणि नजर पोचते तेव्हा पाय पेडलवर असतो.

"आता मलाच खात्री नाही," तो म्हणाला. "घरी झोपताना आठवून बघतो, मी दाबला का? कधी वाटतं, हो, दाबला असेल." पुढच्या वेळी असं झालं तर दुसरा गिटारवाला बघू, असं त्याला सांगण्यात आलं होतं. महिन्याचं भाडं याच कामावर होतं.

आता पाय आणि ॲम्प यांच्यामध्ये काय असतं ते सांगतो. गिटारवाल्याच्या पायाशी एक पाटी असते, तिच्यावर आकड्यांचे खटके. खटका दाबला की पाटी तारेतून एक निरोप धाडते : अमुक नंबरचा प्रोग्राम लाव. निरोप दोनच आकड्यांचा. पहिला सांगतो की हा प्रोग्राम बदलायचा हुकूम आहे आणि कुठल्या घरासाठी आहे. दुसरा सांगतो कितवा प्रोग्राम. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे हा सगळा निरोप पोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. तारेच्या टोकाला पाच टाचण्यांचा गोल प्लग असतो, जुन्या टेपरेकॉर्डरच्या मागे असायचा तसाच. त्यातल्या दोनच टाचण्या निरोप नेतात. ॲम्पच्या आत शिरल्यावर तार थेट कशालाच जोडलेली नसते. आलेला प्रवाह एक बारीकसा दिवा लावतो, दिव्यासमोर एक डोळा बसवलेला असतो, तो उघडझाप वाचतो. दोन यंत्रांची वीज एकमेकांत मिसळू नये, घुमघुम येऊ नये म्हणून ही सोय. डोळ्यानं वाचलेला आकडा ॲम्प आपल्या आठवणीतल्या यादीत शोधतो, त्या आकड्यासमोर जे चॅनेल लिहून ठेवलेलं असेल त्याचा रिले ओढतो, आणि आवाज बदलतो.

म्हणजे संशयाच्या जागा मोजक्या : पाय, पाटी, तार, डोळा, यादी, रिले. मी शेवटाकडून सुरुवात केली. ॲम्पच्या पुढच्या बटणांनी चॅनेल बदलून पाहिलं, चारही रिले वेळेवर पडत होते. व्हॉल्व्ह ठोकून पाहिले. सोल्डर भिंगाखाली पाहिलं. तार मीटरला लावून वाकवली, पिळली, ओढली. कुठे तुटत नव्हती. मग पाटी जोडली आणि माझ्या लॅपटॉपवर तारेतला प्रत्येक आकडा दिसेल अशी व्यवस्था केली. शेवटी लॅपटॉपलाच दर चार सेकंदांनी हुकूम सोडायला लावलं आणि दुपारभर दुसरं काम करत कान तिकडे ठेवला. टक, टक, टक. एकही चुकला नाही.

दुखणेकरी दवाखान्यात शिरला की ताप उतरतो, तसं झालं होतं. ॲम्प निर्दोष निघाला, आणि त्या मुलाच्या दृष्टीनं याहून वाईट बातमी नव्हती. फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पायच."

मी म्हटलं, "माझ्याकडे जे नव्हतं आणि स्टेजवर असतं, ते बघितल्याशिवाय मी पाय म्हणणार नाही." त्यांची तालीम रविवारी होती. मी यायचं ठरवलं.

तालमीची जागा म्हणजे एका इमारतीचं तळघर. तिथे पाहिलं तेव्हा पाटीच्या मागे आणखी एक तार खोचलेली होती. विचारलं, ही कसली? तर ती ड्रमरच्या लॅपटॉपकडून येत होती. गाण्यामागे आधी ध्वनिमुद्रित केलेले काही आवाज वाजतात, ते त्या लॅपटॉपवरून. त्याच्याच तालावर गिटारचे प्रतिध्वनी पडावेत म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती तार जोडली होती. लॅपटॉप ताल पाठवतो, पाटी तो पुढे डिलेला देते, डिले पुढे ॲम्पला. त्याच लॅपटॉपची दुसरी तार की-बोर्डला जात होती, गाण्यागणिक त्याचे आवाज आपोआप बदलावेत म्हणून. दोन्ही तारांतून मात्र तेच निरोप निघत होते.

तार जोडली दोन महिन्यांपूर्वी. पाय चुकू लागला दीड महिन्यापूर्वी.

मी तसं म्हणताच की-बोर्डवाला पुढे आला. तो रागानं नाही, समजावून सांगायला आला. म्हणाला, "अंकल, हे आम्ही तपासलंय. माझ्या की-बोर्डला त्या गाण्यात लॅपटॉप अकरा नंबर पाठवतो. तो ॲम्पलाही पोचत असेल असं धरून आम्ही गिटारच्या पाटीवर अकरा लावून बघितला. ॲम्प स्वच्छच राहिला. म्हणजे अकरा नंबर आला तरी काही बिघडत नाही." तपास व्यवस्थित केला होता, आणि मुलाविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता.

इथे मोजण्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे पोरीला सातवं लागलं म्हणतात तेव्हा तिला सहा पुरी झालेली असतात. एक आजी सात म्हणते, शाळेचा दाखला सहा म्हणतो, आणि पोर तीच असते. मिडीच्या तारेवर प्रोग्राम ० पासून १२७ पर्यंत मोजतात. पण यंत्र बनवणाऱ्यांतल्या काहींना वाटतं, माणूस एकपासून मोजतो. म्हणून ते खिडकीत १ ते १२८ दाखवतात. काही जण तारेवरचा आकडा आहे तसाच दाखवतात. दोघांचंही बरोबर. गिटारची पाटी लागलेलं वर्ष सांगत होती, ड्रमरचा लॅपटॉप पुरं झालेलं. पाटीवरचा अकरा तारेवर दहा होऊन जायचा. लॅपटॉपवरचा अकरा तारेवर अकराच राहायचा, आणि ॲम्पच्या यादीत तो बारावा ठरायचा. बारा नंबर कोणीच लावून पाहिला नव्हता.

मी तोंडी वाद घातला नाही. माझा लॅपटॉप ॲम्पच्या अलीकडे तारेत बसवला आणि त्या मुलाला एका खुर्चीवर मांडी घालून बसायला सांगितलं. पाटी त्याच्यापासून चार हात लांब ठेवली. बाकीच्यांना म्हटलं, लग्नातलं तेच गाणं वाजवा.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी की-बोर्डचा आवाज बदलून व्हायोलिनांचा झाला. त्याच ठोक्याला ॲम्पमधला रिले पडला, मला तो ड्रमच्या आवाजातही ऐकू आला, आणि गिटार फाटली. मुलगा मांडी घालून बसला होता. त्याचे दोन्ही तळवे वर दिसत होते. हात तारांवर तसेच थांबले होते. माझ्या पडद्यावर दोन आकडे होते : १९२, ११. पहिल्याचा अर्थ, प्रोग्राम बदला, घर नंबर एक. दुसऱ्याचा अर्थ, ॲम्पच्या मोजणीनं बारावा.

कोणी काही बोललं नाही. गाणं विस्कटत थांबलं. मग ड्रमर म्हणाला, "पुन्हा एकदा." पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा की-बोर्डवाल्यानंच सांगितलं, बस.

उरलेलं काम अर्ध्या तासाचं होतं. की-बोर्ड एक नंबरच्या घरात राहत होता, त्यामुळे त्याचे निरोप एक नंबरवर येत. ॲम्प मात्र कुठल्याच घरात राहत नव्हता. पुष्कळ यंत्रांना 'ऑम्नी' नावाची एक अवस्था असते. त्या अवस्थेत ती सोळाही घरांची टपाल उघडून वाचतात. नवीन माणसानं पेटीतून यंत्र काढावं, तार जोडावी आणि ते लगेच चालावं म्हणून ही सोय बरी असते. तारेवर एकटेच असाल तोवर तिचा त्रासही नसतो. शेजार आला की मात्र दुसऱ्याला म्हटलेलं आपल्याला लागायला लागतं. आणि यादीत बारा नंबरसमोर फाटकं चॅनेल लिहिलं होतं ते या मुलानं नव्हेच. ॲम्पच्या आधीच्या मालकानं कधीतरी कुठल्या तरी गाण्यासाठी ते साठवलं होतं. ॲम्प विकला गेला, यादी आत तशीच राहिली. मी ॲम्पला फक्त पाच नंबर ऐकायला सांगितलं, पाटीला पाच नंबरवर बोलायला सांगितलं, पाटीतून लॅपटॉपचा फक्त ताल पुढे जाईल असं केलं, आणि जुनी यादी पुसून टाकली.

ही भाषा ज्यांनी घडवली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी हे सिंथेसायझरच्या धंद्यातले प्रतिस्पर्धी. प्रत्येक कंपनीचं वाद्य फक्त आपल्या घरातल्या वाद्याशी बोलत होतं, तेव्हा यांनी आणि आणखी काही कंपन्यांनी मिळून एक समाईक बोली ठरवली, आणि ती वापरायला परवान्याचे पैसे लावले नाहीत. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात स्मिथ यांचं प्रॉफेट-६०० आणि काकेहाशींच्या रोलँड कंपनीचं ज्युपिटर-६ एका तारेनं जोडलं गेलं. एकावर वाजवलं ते दुसऱ्यातून ऐकू आलं. २०१३ मध्ये दोघांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आता दोघेही नाहीत. त्यांनी ठरवलेले आकडे मात्र बंगळुरूच्या तळघरात माझ्या पडद्यावर जसेच्या तसे उमटतात. चाळीस वर्षांत या धंद्यात बाकी काय तसंच राहिलंय ते आठवावं लागेल.

पण या बोलीत एक गोष्ट नाही, आणि टेलिफोनच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती सारखी खटकते. टेलिफोनमध्ये पलीकडे घंटी वाजली की इकडच्या कानात टुर्र-टुर्र येतं. पलीकडचा बोलत असला तर वेगळा सूर येतो. त्या सुरांसाठी आम्ही रॅकचे रॅक बांधले. बोलण्याआधी समोर कोणी आहे का, हे कळलं पाहिजे. मिडीची एक तार एकाच दिशेनं बोलते. पाटी म्हणते, स्वच्छ चॅनेल लाव, आणि स्वतःच्या खिडकीत हिरवा दिवा लावून मोकळी होते. तो दिवा म्हणजे मी सांगितलं. ऐकलं गेलं का, हे तो सांगत नाही. ॲम्प भलतंच काही करत असला तरी पाटीवरचा दिवा हिरवाच. आपल्याकडे टपालात याला पोच म्हणतात. पोचपावती जोडलेली नसेल तर पत्र टाकणाऱ्याकडे फक्त टाकल्याचा विश्वास असतो. २०२० साली या बोलीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातली मोठी सुधारणा हीच, की दोन यंत्रं एकमेकांना विचारू शकतात : तू कोण, तुला काय काय येतं? स्टेजवरचे जुने ॲम्प मात्र अजून जुनीच बोली बोलतात, आणि बराच काळ बोलतील.

मराठीत पोच शब्दाला दुसराही अर्थ आहे. 'त्याला पोच नाही' म्हणजे समज नाही, कुठे काय करावं कळत नाही. त्या मुलाबद्दल त्याचा बँड आपापल्या भाषांत नेमकं हेच म्हणत होता. यंत्रातली पोच नव्हती, ती माणसाच्या खात्यावर लिहिली गेली. असं होतं, कारण यंत्राचं आपण सिद्ध झाल्याशिवाय खोटं मानत नाही. हिरवा दिवा हिरवा असतो, माणसाचा पाय मात्र हललेला दिसतो. मुलानं दीड महिन्यात दिव्यावर कधी शंका घेतली नाही. स्वतःच्या पायावर घेतली, झोपेवर घेतली, आठवणीवर घेतली. ॲम्प स्टेजवर त्याच्या पाठीमागे असतो. वळून बघितलं असतं तर ॲम्पवरचा लाल दिवा त्याला दिसला असता, पण गाणं चालू असताना वळून कोण बघतं?

त्या दिवशी निघताना त्यानं माझ्याकडे एक कागद मागितला. बिल नको होतं. काय बिघडलं होतं ते लिहून हवं होतं. माझ्याकडे दुरुस्तीची चिठ्ठी छापलेली आहे, तिच्यात 'दोष' असा एक रकाना आहे. मी त्यात इंग्रजीत लिहिलं : ॲम्प ठीक, पाटी ठीक, तार ठीक, वाजवणारा ठीक. दोष : दुसऱ्याचा निरोप ऐकत होता. खाली तारीख घालून सही केली. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि गिटारच्या पेटीत तारांच्या पाकिटांखाली ठेवली.

चार महिन्यांनी तो व्हॉल्व्ह बदलायला आला. बँडमध्ये होता. मी विचारलं, कोणी काही म्हणालं का नंतर? माफी वगैरे? तो हसला, "नाही अंकल. कापलेल्या पैशांबद्दलही कोणी बोललं नाही." अजूनही खटका दाबला की आधी मान वळवून ॲम्पकडे बघतो, असं तो म्हणाला. लाल दिवा नाही याची खात्री होते, मग पुढचा सूर. गाताना ते जरा विचित्र दिसतं, पण सवय झालीय.

ॲम्प उलटा केला तेव्हा त्याच्या पाठीवर, मिडीच्या गोल भोकाच्या वर, पांढऱ्या टेपची एक पट्टी चिकटवलेली दिसली. तिच्यावर मार्करनं मोठा ५ लिहिला होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत : एकपासून मोजा. अक्षर त्याचं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, की-बोर्डवाल्यानं एका तालमीनंतर सगळ्यांच्या यंत्रांवर अशा पट्ट्या लावल्या. स्वतःच्या की-बोर्डवर १, डिलेवर ७. ड्रमरच्या लॅपटॉपवर लावली तिच्यावर लिहिलंय, शून्यापासून मोजा.

व्हॉल्व्ह बदलताना ती पट्टी कोपऱ्यात उखडत होती. मी तिच्यावर नवी चिकटपट्टी दाबून बसवली.